तळटीप : ‘श्री’

१. श्री : शरीरसौष्ठव स्पर्धेतील विजेत्याचा किताब, ‘महाराष्ट्र श्री’च्या वर ‘भारत श्री’. अंबाजोगाईच्या वाचकाला ‘श्री’ म्हटले की आधी तिथली योगेश्वरी देवी आठवेल, म्हणून हा खुलासा. या स्पर्धेत वजन उचलायचे नसते. वजनगटाप्रमाणे रांगेत उभे राहून पंच सांगतील त्या पोझ द्यायच्या, मग संगीतावर स्वतःच्या. अंगाला फासलेला गडद रंग घामाने कोपरापाशी ओघळतो. ओठ सुकलेले, कारण आधीपासून पाणी तोडलेले. हे पाणी तोडणे जिवावर बेतू शकते, हे तरुणांनी ध्यानात ठेवावे. आशियाई क्रीडास्पर्धांत हा खेळ २००२ (बुसान) आणि २००६ (दोहा) या दोनच वेळा झाला. गुण नजरेने द्यायचे, त्यामुळे वाद होतात. तरी पोझ धरताना थरथरणाऱ्या मांडीमागची मेहनत मला कुठल्याही धावपटूच्या मेहनतीपेक्षा कमी वाटत नाही. (संपा.)