विश्रामबाग वाड्याची आग व पुनर्बांधणी

पुण्यांतील विश्रामबाग वाडा आज जसा दिसतो तसाच तो दुसऱ्या बाजीरावाच्या वेळीं होता, असें गृहीत धरून लिहिण्याचा प्रघात आहे. तो सोडावा, एवढ्याचसाठीं हें टिपण आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

ता. १३ मे १८७९ रोजीं, म्हणजे शके १८०१ च्या वैशाख वद्य पक्षांत, रात्रीं बुधवारवाडा व विश्रामबाग वाडा असे दोन्ही पेटले. बुधवारवाड्यांत सरकारी कचेऱ्या, पुस्तकांचा डेपो व १८४८ सालीं स्थापन झालेली नेटिव्ह जनरल लायब्ररी, म्हणजे पुढील पुणें नगर वाचन मंदिर, होती. तो वाडा समूळ जळाला व त्याबरोबर लायब्ररीचा ग्रंथसंग्रहहि गेला. १८२१ सालीं ज्या विश्रामबागेंत संस्कृत पाठशाळा निघाली, तिचा पूर्वेकडील भाग आगींत पडला.

दोनच दिवसांपूर्वीं वासुदेव बळवंत फडके यांच्या टोळीनें पळस्पें लुटलें होतें. त्यामुळें आगीचा संबंध बंडाशीं जोडला गेला. त्याच महिन्यांत न्या. महादेव गोविंद रानडे यांची धुळ्यास बदली झाली व त्यांच्या टपालावर नजर राहिली. पुढें आगीचा गुन्हा शाबीत झाला तो डेपोंतील एका कारकुनावर; फडक्यांच्या टोळीवर नव्हे. तथापि पहिल्या दिवसांतील बोलवा अद्यापि पुष्कळांच्या लेखांतून फिरत आहे.

बुधवारवाडा पुन्हा उठला नाहीं. १८२८ सालीं जळालेला शनिवारवाडाहि तसाच राहिला होता. विश्रामबागेचें दैव मात्र निराळें. सरकारी व नगरपालिकेचा पैसा आणि लोकवर्गणी यांतून तिचा जळका भाग नव्यानें उभा राहिला. म्हणून या वास्तूंतील कोणतें लांकूडकाम पेशवाईचें व कोणतें १८७९ नंतरचें, हें ठरविल्यावांचून तिच्यावरून पेशवेकालीन शिल्पाचे सिद्धांत काढणें धोक्याचें होय.

भिंती वर्गणीनें उठतात. जळालेली एकुलती पोथी उठत नाहीं. ज्या संग्राहकांजवळ १८७९ पूर्वींचे या वाड्यांचे नकाशे, चित्रें अथवा हिशेबाचे कागद असतील, त्यांनीं त्यांच्या नकला दुसऱ्या ठिकाणीं ठेवाव्या, इतकीच आमची विनंती आहे.