उकिरड्याची विद्या

गुऱ्हाळावर रस निघाला की चिपाड वाळवून चुलवाणात जातं, त्याच जाळावर काहिलीत गूळ शिजतो. आपल्या कोल्हापूर भागात हे कुणाला शिकवावं लागलं नाही. जगातले अभ्यासक मात्र आज त्याला ‘चक्राकार अर्थव्यवस्था’ म्हणतात. एकाचा कचरा तो दुसऱ्याचा माल.

शेतीत या अभ्यासाची एक मोठी पायरी होळकरांच्या इंदुरात घडली. १९२४ पासून अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड तिथं खतावर प्रयोग करत होते. कपाशीच्या पऱ्हाट्या, काडीकचरा, शेण, गोठ्यातली मुतानं भिजलेली माती, राख यांचे थर लावायचे, पाणी मारायचं, मधूनमधून उलथायचं. तीनेक महिन्यांत खत तयार. १९३१ साली दोघांचं त्यावर पुस्तक निघालं. चिनी शेतकऱ्यांच्या रीतीवरून शिकल्याचं हॉवर्डसाहेबांनी लपवलं नाही, हे मला आवडतं.

पुढं विषय शेताबाहेर गेला. १९६६ मध्ये अमेरिकेत केनेथ बोल्डिंग यांनी पृथ्वीला अंतराळयानाची उपमा दिली. कचरा टाकायला बाहेर जागाच नाही. १९७६ मध्ये युरोपात वॉल्टर स्टाहेल आणि जेनेव्हीव्ह रेडे यांनी मांडलं, की वस्तू दुरुस्त करून वापरली तर इंधन वाचतं आणि हातांना काम मिळतं.

पण ते हात कुणाचे? शेणाची पाटी उचलणारीचा दिवस या हिशेबात क्वचितच दिसतो. आपल्याकडं तर ऊस तुटला की पाचटच पेटवतात. यंदा काडी लावण्याआधी गटात दोन गोष्टी ठरवा: पाचट कुजवायचं कुणी, आणि तिची मजुरी किती धरायची.