पोपड्यांचा इतिहास

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत सोसायटीची स्थापना, गणेशोत्सव, लिफ्ट यांचा इतिहास येईलच. मी लिहितोय तो बाथरूमच्या भिंतींचा. पंचवीस वर्षांत जनरल बॉडीत सगळ्यात जास्त आवाज याच विषयावर चढला, म्हणून त्याची नोंद राहायला हवी.

आपल्यापैकी बरेच जण चाळीतून आलेले. तिथे मोरी होती आणि भिंतीला चुन्याचा हात. चुन्यातून ओल बाहेर निघून जायची. फार तर भुकटी अंगाला लागायची. ब्लॉकमध्ये मोरीचं बाथरूम झालं आणि भिंतीवर ऑइलपेंट चढला. जुनी न्हाणी आता फक्त ‘नहाणी ट्रॅप’मध्ये उरली. प्लंबर आजही तोच शब्द वापरतो.

1973 मध्ये वाशीचा खाडीपूल झाला. 1992 पर्यंत मानखुर्द हे आपल्या लाइनीचं शेवटचं स्टेशन होतं. मग लोकल खाडीपलीकडे गेली. मुंबईच्या बांधकामांत तेव्हा खाडीची रेती सर्रास असे. ती नीट धुतली नाही तर मीठ प्लॅस्टरमध्येच राहतं. विटा-सिमेंटमध्येही क्षार असतातच. ओल आली की ते विरघळून बाहेरच्या बाजूला येतात, पाणी उडून जातं आणि पांढरे कण रंगामागे साचून त्याला ढकलतात. जुनी माणसं याला ‘लोणा लागला’ म्हणत. म्हणजे पोपडा हा रंगाचा आजार नाही, मागून येणाऱ्या पाण्याचा निरोप आहे.

पहिली काही वर्षं आपण तो निरोप वाचलाच नाही. दर दिवाळीला खरवडायचं, लांबी भरायची, रंग मारायचा. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पोपडे. मग बोट वरच्या मजल्याकडे. आमच्याच विंगमध्ये दोन घरांचं हळदीकुंकवाचं येणंजाणं यावरून बंद झालं. उपविधी सांगतात, घरातल्या संडास-सिंकची गळती सभासदाच्या खर्चाने. पावसाची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीच्या खर्चाने. पण पाणी नक्की कुठून येतं, हे कुणी बघितलं नव्हतं.

शेवटी कमिटीने एक साधी गोष्ट केली. वरच्या वहिनींच्या बाथरूममधला नहाणी ट्रॅप बंद केला, लादीवर पाणी भरलं, खडूने खूण केली आणि चोवीस तास थांबलो. पाणी खुणेवरच राहिलं. खालची भिंत मात्र ओलीच. मग डक्टमध्ये माणूस उतरवला, तेव्हा सामाईक पाइपाचा सांधा गळताना सापडला. खर्च सोसायटीचा निघाला. त्या वर्षीच्या संक्रांतीला तिळगूळ पुन्हा वर-खाली गेला.

त्यानंतर ठरलेला क्रम आजही कामाचा आहे. आधी गळती बंद. मग फुगलेलं प्लॅस्टर विटेपर्यंत काढायचं, क्षार तारेच्या ब्रशने कोरडे झाडायचे, वॉटरप्रूफिंग घालून नवं प्लॅस्टर करायचं, त्यावर पाणी मारून ते पक्कं करायचं आणि मग काही आठवडे सुकू द्यायचं. घाई इथेच नडते. लांबी व्हाइट सिमेंटची. पीओपी बाथरूममध्ये नको, ते ओलीत टिकत नाही. मग प्रायमर, आणि रंग सगळ्यात शेवटी.

इमारत तिशीकडे निघाली आहे. तीस वर्षांनंतर महापालिकेच्या कायद्याप्रमाणे स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. तोवर एवढंच करूया: पोपडा दिसला की ब्रश उचलण्याआधी, आणि वरच्यांशी भांडण्याआधी, ऑफिसातल्या तक्रारवहीत तारीख घालून लिहून ठेवूया. पुढच्या कमिटीला तीच वही उपयोगी पडेल.