परिचारिकेचा तक्ता आणि रक्तदाब



औषधांच्या इतिहासांत शास्त्रज्ञांचीं नांवें आदरानें घेतलीं जातात. माप हातीं घेऊन रात्र जागणारी परिचारिका मात्र अनामिकच राहते. आज दोन शब्द तिच्याविषयीं बोलावयाचे आहेत.

१९१९ सालीं व्हिएन्नांतील एका रुग्णालयांत आल्फ्रेड फोग्ल नांवाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानें उपदंशाच्या एका रुग्णेला नोव्हासुरोल हें पाऱ्याचें औषध टोंचलें. परिचारिकांनीं मोजून ठेवलेलें मूत्र एकाएकीं कित्येक पटींनीं वाढलेलें त्याला दिसलें. अंगावर सूज असलेल्या हृद्रोग्यांनाहि तें देतांच सूज ओसरली. मोजण्याचें तें कंटाळवाणें काम टळलें असतें, तर हा शोध त्या दिवशीं तरी हातचा गेला असता!

हा लाभ सुजेपुरताच होता. रक्तदाबाचा रोगी निराधारच राहिला. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजीं मेंदूंतील रक्तस्रावानें निवर्तले, त्या वेळीं त्यांचा रक्तदाब ३००/१९० भरला होता. सत्ताधीशालाहि जें लाभलें नाहीं, तें आज सामान्य कारकुनाला लाभतें.

१९५७ साली कार्ल बेयर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं क्लोरोथायझाइड पुढें आणलें. ही गोळी मूत्रपिंडावाटे मीठ बाहेर काढते, मिठामागून पाणी जातें, आणि दाब उतरतो. अमेरिकेंतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांनीं १९६७ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अशाच मूत्रल औषधाच्या जोडीला रेसर्पिन होतें. तें आपल्या सर्पगंधेचें सत्त्व. त्याच सर्पगंधेवर मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं १९४९ सालीं निबंध लिहिला होता. औषधोपचारानें अनर्थ टळतात, हें त्या प्रयोगानें सिद्ध केलें.

परंतु मिठाबरोबर पोटॅशियमहि वाहून जातें. मग पायांत गोळे येतात, अंग गळतें, नाडी चुकते; सोबत डिजिटॅलिस चालू असेल, तर तेंच विषासारखें बाधतें. म्हणून परिचारिका गोळी सकाळीं देते, म्हणजे रात्रीं झोंपमोड होत नाहीं. रोज ठराविक वेळीं वजन घेते. आणि रोग्याला बिछान्यावरून हळूहळू उठावयास सांगते, कारण दाब एकदम उतरून घेरी येण्याचा संभव असतो.

वैद्य रोग्याला घटकाभर पाहतो, परिचारिका दिवसभर. आपल्या घरांत वडीलधाऱ्यांना जो गोळी देतो, तोहि त्या घटकेपुरता परिचारकच होय. त्यानें गोळीबरोबर थोडी नजरहि द्यावी, एवढीच विनंति.