एका सामन्याचा कागद

बखर आणि अस्सल कागद यांतील भेद आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथे पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या कित्येक मराठी घरांत मोडी रुमाल जपलेले आहेत. वाडवडिलांच्या तोंडून ऐकलेली हकीकत आणि त्या रुमालांतील जमाखर्च यांत किती अंतर असू शकते, याचा अनुभव अनेकांना असेल. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हापासून समकालीन कागदाला आपण बखरीहून वरचे स्थान देत आलो. हाच कस दूरच्या एका घटनेला, अमेरिकेतील बास्केटबॉलच्या एका सामन्याला, लावून पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

२ मार्च १९६२ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील हर्शी या गावी फिलाडेल्फिया वॉरियर्स आणि न्यूयॉर्क निक्स या व्यावसायिक संघांत सामना झाला. हर्शी हे चॉकलेटच्या कारखान्याचे गाव. त्या काळी या लीगमध्ये अवघे नऊ संघ होते आणि प्रेक्षक मिळविण्यासाठी अधूनमधून लहान गावांतही सामने भरवावे लागत. त्या रात्री वॉरियर्सचा विल्ट चेंबरलेन याने एकट्याने १०० गुण केले. हा विक्रम आजवर कोणास गाठता आलेला नाही. सामना दूरचित्रवाणीवर दाखविला गेला नव्हता आणि त्याचे चलचित्रणही उपलब्ध नाही. चौथ्या सत्राचे रेडिओ समालोचन तेवढे श्रोत्यांनी ध्वनिमुद्रित केल्यामुळे वाचले. उरला तो गुणतक्ता.

तक्ता प्रथम हिशेब म्हणून तपासू. त्या वेळी तीन गुणांची रेषा नव्हती. ती या लीगमध्ये १९७९-८० च्या हंगामात आली. मैदानातून केलेल्या प्रत्येक बास्केटला २ गुण आणि फ्री थ्रोला १ गुण, एवढाच व्यवहार. चेंबरलेनने ६३ प्रयत्नांत ३६ बास्केट केले आणि ३२ पैकी २८ फ्री थ्रो साधले: ७२ अधिक २८, बरोबर १००. सत्रवार गुण २३, १८, २८ आणि ३१. बेरीज पुन्हा १००. वॉरियर्सचे ६३ बास्केट व ४३ फ्री थ्रो मिळून १६९ गुण, निक्सचे ५७ व ३३ मिळून १४७. आडवी बेरीज आणि उभी बेरीज जुळते. सरकारी दप्तरात हयात घालविलेल्या आमच्यासारख्यांना एवढ्यानेच कागदाविषयी विश्वास वाटू लागतो.

आता कागद दंतकथेहून अधिक काय सांगतो ते पाहावे. दंतकथेत एकच पुरुष आहे. तक्त्यात अनेक आहेत. अल अॅटल्स याने त्या रात्री बास्केटचे आठ प्रयत्न केले आणि आठही साधले, एकमेव फ्री थ्रोही साधला. त्या सामन्यातील निर्दोष खेळ त्याचा. पण त्याचे १७ गुण शंभराच्या सावलीत झाकले गेले. गाय रॉजर्सच्या नावावर २० असिस्ट आहेत, म्हणजे सहकाऱ्यांच्या वीस बास्केटना त्याचा पास कारणीभूत झाला. पराभूत पक्षही दुबळा खेळला नाही. रिची गेरिनने ३९, क्लीव्हलंड बकनरने ३३ आणि विली नॉल्सने ३१ गुण केले.

काही आकडे न बोललेली गोष्टही सुचवितात. रॉजर्सने मैदानातून केवळ चार प्रयत्न केले, मात्र फ्री थ्रो त्याला बारा मिळाले. अखेरच्या टप्प्यात चेंडू चेंबरलेनपर्यंत पोहोचू नये म्हणून निक्स इतरांना जाणूनबुजून फाउल करीत होते, आणि चेंडू लवकर परत मिळावा म्हणून वॉरियर्सही तेच करू लागले होते. ही हकीकत आणि तो आकडा एकमेकांस पुष्टी देतात. निक्सचा सेंटर डॅरल इमहॉफ सहा फाउल होऊन बाहेर गेला. तो वीसच मिनिटे खेळला. चेंबरलेन त्या हंगामात शंभरातले सुमारे ६१ फ्री थ्रोच साधत असे. त्या रात्रीचे प्रमाण साडेसत्याऐंशी पडते. हा कमकुवत दुवा तुटला असता, तर शंभर झाले नसते.

तथापि कागदही रकान्यांच्या पलीकडचे सांगत नाही. प्रतिस्पर्ध्याचे फटके अडविणे आणि चेंडू हिरावणे यांची नोंद ही लीग १९७३-७४ पासून ठेवू लागली. चेंबरलेनचे २५ रिबाउंड आपणास माहीत आहेत. त्याने किती फटके अडविले, हे मात्र कायमचे गेले. रकाना ज्याने आखला, त्यानेच पुढच्या पिढीला काय कळावे हे ठरविले.

कागद बखरीला लगामही घालतो. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तो सामना आपण पाहिल्याचे सांगणारे लोक भेटतात, असे चेंबरलेन पुढे सांगत असे. सामना हर्शीत झाला आणि प्रेक्षकांची नोंद ४,१२४ आहे.

शेवटचा दाखला सर्वांत बोलका आहे. सामना संपावयास ४६ सेकंद असताना शंभरावा गुण झाला. ध्वनिमुद्रणात क्रम स्पष्ट ऐकू येतो: चेंबरलेनचा फटका चुकला, लकनबिलने चेंडू परत मिळविला, रुक्लिककडे दिला, रुक्लिकने चेंबरलेनकडे. जो रुक्लिक हा राखीव खेळाडू. त्या सामन्यात त्याला एकही गुण मिळाला नाही. त्याचे दोन्ही फ्री थ्रोही चुकले. लोक मैदानात धावत असता त्याने नोंदकांच्या मेजाकडे जाऊन आपला असिस्ट लिहिला गेल्याची खात्री करून घेतली, असे तो पुढे सांगत असे. तक्त्यात त्याच्या नावापुढे असिस्टच्या रकान्यात ‘१’ आहे.

जे लिहिले गेले नाही ते उरणार नाही, हे त्या क्षणी त्या मैदानावर त्याने ओळखले. आपल्या रुमालांतही अशी पुष्कळ माणसे एखाद्या ओळीपुरती उभी आहेत: कोणी कारकून, कोणी जासूद, कोणी शिलेदार. ते रुमाल वाळवीच्या आधी वाचले जावेत, एवढीच विनंती आम्ही वाचकांस करू.