खंड्या
सातारचे छत्रपती शाहू महाराज (१६८२–१७४९) यांचा पाळीव शिकारी कुत्रा. त्याची समाधी साताऱ्याजवळ कृष्णा-वेण्णा संगमावरील माहुली येथे आहे.

वाघाच्या शिकारीत या कुत्र्याने शाहूंचा जीव वाचविला, असे परंपरा सांगते. त्याबद्दल शाहूंनी त्याला जहागिरीची सनद व पालखीचा मान दिल्याचे जेम्स ग्रँट डफ याने १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासात नमूद केले आहे. एकदा भर दरबारात शाहूंनी कुत्र्याला जरीवस्त्र व दागिने घालून स्वतःची पगडीही त्याच्या डोक्यावर चढविली, असेही तो लिहितो. या वर्तनाची नोंद डफने शाहूंच्या बुद्धिभ्रंशाच्या संदर्भात केली आहे. सनद-पालखीचा अर्थ लावताना ते ध्यानात ठेवावे लागते.

माहुलीस सातारच्या राजघराण्यातील व्यक्तींच्याही समाध्या आहेत. कुत्र्याची समाधी म्हणजे दगडी चौथरा असून त्यावर बसलेल्या कुत्र्याची पाषाणमूर्ती आहे (पहा : माहुली, संगम).

रायगडावरील वाघ्या या कुत्र्याच्या तुलनेत खंड्याला ऐतिहासिक आधार अधिक आहे. शिवछत्रपतींच्या चितेत उडी घेतल्याची आख्यायिका असलेल्या वाघ्याचा उल्लेख समकालीन साधनांत आढळत नाही. त्याचा पुतळा इंदूरच्या तुकोजीराव होळकरांच्या देणगीतून १९३६ मध्ये उभारला गेला. २०१२ मध्ये तो काढून टाकण्यात आला व पुन्हा बसविला गेला. त्याविषयीचा वाद २०२५ मध्ये पुन्हा उपस्थित झाला (पहा : रायगड, राजसंन्यास).