राख ओढणारा दगड

सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, सापडणारा तोरमल्ली हा खडा डच व्यापाऱ्यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी हॉलंडमध्ये नेला. निखाऱ्यांत तापवलेला हा खडा राखेचे कण ओढून घेतो आणि काही वेळाने तेच कण झिडकारतो, असे दिसल्यावरून तिकडे तो ‘राख ओढणारा’ म्हणून ओळखला जाऊ लागला. लुई लेमेरी या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १७१७ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे त्याची माहिती मांडली, पण त्याने हा दगड चुंबकाच्या जातीचा मानला. त्या ओढीचा संबंध विजेशी जोडला तो स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने, १७४७ साली.

खरी उकल जर्मन भौतिकशास्त्रज्ञ एपिनसने १७५६ साली बर्लिनमध्ये केली. काच किंवा राळ घासून निर्माण केलेली वीज पाण्याचा स्पर्श होताच नाहीशी होते, हे त्या काळी सर्वज्ञात होते. उलट तोरमल्ली उकळत्या पाण्यात तापवून बाहेर काढली की तिच्या एका टोकाला धन आणि दुसऱ्या टोकाला ऋण प्रभार आढळे, आणि हे न घासता घडे. दोन टोकांच्या या विरोधातून एपिनसला चुंबकाच्या ध्रुवांची आठवण झाली व त्याच धाग्यावरून त्याने वीज आणि चुंबकत्व यांची समान मांडणी केली, त्यामुळे लेमेरीची चूक अगदीच वाया गेली असे म्हणता येत नाही.

लंडनमधील शाळामास्तर जॉन कँटन याने १७५९ साली दाखवले की कारण उष्णता नसून तापमानातला बदल हे आहे: खडा तापत असताना जे टोक धन असते, तेच निवताना ऋण होते, आणि तापमान स्थिर राहिले तर नवा प्रभार निर्माणच होत नाही. या स्फटिकात धन व ऋण प्रभारांची केंद्रे मुळातच एकमेकांपासून सरकलेली असतात, म्हणजे त्याला कायमचे ध्रुवण असते. पृष्ठभागावर हवेतून जमलेले प्रभार ते झाकून टाकतात, परंतु तापमान बदलले की ध्रुवण बदलते, तोल ढळतो, आणि पदार्थ विद्युतरोधक असल्यामुळे उघडा पडलेला प्रभार लगेच निसटून जाऊ शकत नाही. या परिणामाला ‘उत्तापविद्युत्’ म्हणतात. त्याचे युरोपीय नाव स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञ ब्रूस्टरने १८२४ साली रूढ केले.

गुंता वाढतो तो खडा असमान तापल्यावर, कारण गरम भाग प्रसरण पावतो, थंड भाग त्याला अडवतो आणि स्फटिकात ताण निर्माण होतो. झाक व प्येर क्यूरी या बंधूंनी १८८० साली नुसत्या दाबानेही तोरमल्लीत व क्वार्ट्झमध्ये प्रभार निर्माण होतो हे सिद्ध केले, तेव्हा उष्णतेच्या खात्यावर नोंदलेली कितीतरी वीज वस्तुतः या ताणाची होती, हे मान्य करणे भाग पडले.